मलायाचं पोलीस दल पुन्हा उभारताना काय राहून गेलं

प्रश्न असा आला आहे: जपानच्या ताब्यातून मलाया, म्हणजे आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पी भाग आणि सिंगापूर, सुटण्याच्या दोन वर्षं आधीपासून ब्रिटिश लंडनमध्ये बसून तिथल्या कारभाराची आणि पोलिसांची फेरउभारणी आखत होते. एवढा वेळ हाताशी असूनही १९४८ साली कम्युनिस्टांचा उठाव झाला तेव्हा ते पोलीस दल इतकं दुबळं का निघालं? आणि असा ताबा उठल्यावर दल नव्याने उभं करायचं तर सुरुवात कुठून करावी?

माझी नोकरी बरीचशी आस्थापना आणि प्रशिक्षण या दोन शाखांत गेली. पदं मंजूर करून घ्यायची, भरती करायची, चौकश्या चालवायच्या, सेवापुस्तकं तपासायची. म्हणून या विषयाकडे मी सेनापतीच्या नजरेने पाहत नाही, हजेरीपट ठेवणाऱ्याच्या नजरेने पाहतो. तिथून मला जे दिसतं ते असं: नियोजकांनी माणसं, हुद्दे, शस्त्रं आणि गणवेश मोजले. ताब्याच्या साडेतीन वर्षांत पोलीस आणि लोक यांच्यात काय घडलं, हे मात्र त्यांनी हिशेबात धरलंच नाही. पुढची दहा वर्षं ते त्याचीच किंमत मोजत होते.

आधी आराखड्याबद्दल, कारण तो टाकाऊ नव्हता. जपानी फौजा ८ डिसेंबर १९४१ला कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं. जुलै १९४३मध्ये लंडनमध्ये मलायन प्लॅनिंग युनिट सुरू झालं, त्याचे प्रमुख मेजर जनरल राल्फ होन. युद्धाआधी मलायात एकसंध पोलीस दल कधी नव्हतंच. सिंगापूर, पेनांग, मलाक्का या सामुद्रधुनी वसाहतींचं एक दल, चार संघीय संस्थानांचं दुसरं, आणि जोहोर, केडाह, केलांतान, तेरेंगानू, पर्लिस या पाच संस्थानांची आपापली. सात दलं, सात प्रकारचे नियम. हा पसारा मोडून द्वीपकल्पासाठी एकच दल करायचं, असं ठरलं. पोलीस प्रशासनाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. वेगवेगळ्या सेवाशर्तींची माणसं एका ठाण्यात आली की काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला हे पटेल.

अडचण माहितीची होती. प्रत्यक्ष मलायात नोकरी केलेले बहुतेक वरिष्ठ अधिकारी, सामुद्रधुनी वसाहतींचे पोलीस महानिरीक्षक डिकिन्सन यांच्यासह, जपान्यांच्या कैदेत होते. लंडनमध्ये टेबलाशी बसलेल्यांना आठवत होता तो १९४१चा मलाया. देशाच्या आत, जंगलात, एक पोलीस अधिकारी मात्र होता: संघीय संस्थानांच्या दलातले जॉन डेव्हिस. मे १९४३मध्ये ते पाणबुडीतून पेराकच्या किनाऱ्यावर उतरले आणि कम्युनिस्ट गनिमांच्या आसऱ्याने राहिले. डेव्हिस ज्या ब्रिटिश गुप्त संघटनेचे होते त्या फोर्स १३६मधल्या चिनी हेरांपैकी काहींचं प्रशिक्षण आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला झालं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. पण डेव्हिसचा बाहेरच्या जगाशी बिनतारी संपर्क थेट १९४५च्या सुरुवातीला जुळला. तोवर आराखड्याची मुख्य कलमं पक्की झाली होती.

आता ताब्याच्या काळात शिपायाचं काय झालं, ते पाहू. हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. १९४२मध्ये गोरे अधिकारी कैदेत गेले, पण मलाय शिपाई, हवालदार, चौकीचे अंमलदार यांना जायला जागा नव्हती. घर तिथेच, पोरंबाळं तिथेच. बहुतेक जण नव्या मालकाच्या हाताखाली हजर झाले. सुरुवातीला काम जुनंच होतं: गस्त, वाहतूक, चोऱ्या. मग जपानी लष्करी पोलिसांनी, म्हणजे केंपेताईने, त्यांना आपल्या कामाला जुंपलं. सिंगापूर पडताच चिनी पुरुषांना रांगेत उभं करून वेचून मारलं गेलं. ही सूक चिंगची कत्तल. रांगेतली माणसं दाखवून द्यायला बुरखा घातलेले खबरे उभे केले होते. मृतांचा आकडा आजही वादात आहे, जपानी बाजू काही हजार म्हणते आणि सिंगापूरचे चिनी त्याच्या अनेक पट. पुढे जंगलाच्या कडेच्या चिनी वस्त्यांवर छापे पडले तेव्हा वाट दाखवायला स्थानिक पोलीस होते. धान्याच्या नियंत्रणात ते होते. सयाम-बर्मा रेल्वेसाठी मजूर गोळा करतानाही, ज्यात रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर फार मेले, हुकूम पोचवणारा गणवेश तोच होता.

इथे जमातीची रेघ लक्षात घ्या. गणवेशातली बहुसंख्य माणसं मलाय होती. डोंगरात लढणारे आणि त्यांना तांदूळ पुरवणारे बहुतांशी चिनी होते. एरवी पोलीस आणि जनता यांच्यात जो ताण असतो, तो इथे मलाय आणि चिनी यांच्यातला ताण झाला. शीख पोलिसांची गोष्ट आणखी वेगळी. सिंगापूर आणि मलायात शीख तुकड्या ही ब्रिटिशांची जुनी भिस्त. त्यांतले अनेक जण आझाद हिंद सेनेत गेले. युद्धानंतर ब्रिटिशांना ती तुकडी पुन्हा उभी करण्याची हिंमत झाली नाही. सिंगापूरमध्ये एप्रिल १९४९मध्ये तिच्या जागी गुरख्यांची तुकडी आणली गेली.

आराखडा ज्या गृहीतकावर उभा होता तेही ऐन वेळी कोसळलं. नियोजकांनी धरलं होतं की फौज किनाऱ्यावर उतरेल, लढत लढत एकेक जिल्हा घेईल, आणि तिच्या मागोमाग मुलकी अधिकारी व पोलीस ठाण्यांचा ताबा घेत जातील. जिल्हा सुटला की तिथे दोन-चार आठवडे माणसं तपासायला मिळतील, मग पुढचा जिल्हा. प्रत्यक्षात १५ ऑगस्ट १९४५ला जपानने एकदम शरणागती जाहीर केली. त्यात अमेरिकन सेनापती मॅकआर्थरने टोकियोच्या उपसागरातल्या औपचारिक सहीआधी, म्हणजे २ सप्टेंबरआधी, कुणी उतरायचं नाही असं बजावलं. ब्रिटिश सिंगापूरला ५ सप्टेंबरला पोचले, मोरिबच्या किनाऱ्यावर ९ला, आणि आतल्या गावांत त्याहून उशिरा. मधले तीन-चार आठवडे मलायाला सरकारच नव्हतं.

त्या आठवड्यांत गनीम जंगलातून उतरले. त्यांनी चौक्या ताब्यात घेतल्या, शस्त्रं उचलली, गावकऱ्यांसमोर न्यायनिवाडे भरवले. जपान्यांसाठी काम केलेले गुप्त पोलीस, विशेषतः चिनी, शोधून शोधून मारले गेले. मलाय शिपाई गणवेश टाकून घरी पळाले. काही भागांत, जोहोरमध्ये तर आधीपासूनच, मलाय आणि चिनी गावं एकमेकांवर तुटून पडली. परतलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याला ठाण्यात जे मिळालं ते असं: कागदपत्रं जळालेली किंवा लुटलेली, शस्त्रागार रिकामं, अंमलदार गायब, आणि बाहेर असा जमाव, ज्यातले निम्मे जुन्या पोलिसाला पाहताच खवळत होते.

मग आली छाननी. कोण ठेवायचा, कोण काढायचा. युद्धोत्तर पोलीस उभारणीत याहून अवघड काम नाही, आणि दुर्दैवाने ते नेहमी सर्वांत कमी माणसांकडे सोपवलं जातं. लष्करी प्रशासन सुरू झालं १२ सप्टेंबर १९४५ला आणि त्याच आठवड्यात रस्त्यावर माणूस हवा होता. दरोडे वाढले होते, तांदळाची लूट होत होती. नवीन शिपाई तयार करायला सहा महिने लागतात. म्हणून ज्यांनी जपान्यांकडे नोकरी केली होती त्यांतल्याच बहुतेकांना पुन्हा उभं करावं लागलं. उघड अत्याचारात सापडलेल्यांना पकडलं, बाकीच्यांना गणवेश दिला. ज्या गावात ज्याने रांगेतला माणूस दाखवून दिला असा लोकांचा समज होता, त्याच गावात तोच माणूस पुन्हा चौकीवर.

याला पर्याय होता का, असं मला प्रशिक्षणार्थी विचारायचे. मी होता असंच सांगायचो, आणि आजही सांगतो. सगळ्यांना काढणं अशक्य होतं, हे खरं. पण तीन गोष्टी पैशाविना आणि जादा मनुष्यबळाविना करता आल्या असत्या. पहिली, प्रत्येकाची नेमणूक तात्पुरती ठेवायची आणि तसं जाहीर सांगायचं. दुसरी, कुणालाही ताब्याच्या काळातल्या ठाण्यावर ठेवायचं नाही, जिल्हा बदलायचा. तिसरी आणि सर्वांत मोलाची: लोकांना तक्रार करायला जागा आणि मुदत द्यायची, आणि त्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळावर पोलिसांव्यतिरिक्त त्या जमातीची प्रतिष्ठित माणसं बसवायची. मुदत महत्त्वाची आहे. ती नसली तर प्रत्येक शिपायाच्या मानेवर तलवार टांगलेली राहते, तो कुणालाच हात लावायला धजत नाही आणि हळूहळू पैसे खाऊ लागतो. छाननी मिटवायची एक तारीख असलीच पाहिजे. त्या तारखेनंतर राहिलेला माणूस आपला, आणि त्याच्या पाठीशी उभं राहायचं.

छाननीत कृत्य पाहायचं, हुद्दा नाही. वाहतूक सांभाळणारा फौजदार आणि छाप्यात दार दाखवणारा शिपाई, यांत शिपाई जास्त गंभीर. कागदावर मात्र नेहमी उलटं होतं, कारण हुद्दा नोंदवहीत सापडतो आणि कृत्य शेजाऱ्याच्या तोंडातून काढावं लागतं.

अधिकाऱ्यांची अवस्था याहून बरी नव्हती. कैदेतून सुटलेले गोरे अधिकारी हाडांचे सापळे झाले होते, त्यांना महिनोन्महिने विश्रांतीसाठी मायदेशी पाठवावं लागलं. त्यांच्या जागी नवखे आले. सुटलेले परतले तेव्हा दलात एक कडवट फट पडली: कैदेत खितपत पडलेले एका बाजूला, आणि सिंगापूर पडण्याआधी निसटलेले दुसऱ्या बाजूला. बढत्यांच्या वेळी ही फट रुंदावत गेली. नियोजनाच्या कोणत्याही तक्त्यात हे मावत नाही, पण उपअधीक्षक एकमेकांशी बोलत नसतील तर जिल्हा चालत नाही.

पगाराबद्दल थोडक्यात, कारण ते समजायला सोपं आहे आणि तरी दरवेळी विसरलं जातं. जपानी नोटा एका फटक्यात रद्द झाल्या. शिपायाची सगळी बचत गेली. तांदूळ काळ्या बाजारात, पगार युद्धापूर्वीच्या बेताचा. लष्करी प्रशासनाच्या (ब्रिटिश मिलिटरी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) बीएमए या आद्याक्षरांचा लोकांनी ‘ब्लॅक मार्केट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे ‘काळ्या बाजाराचं प्रशासन’, असा अर्थ लावला तो उगाच नव्हे. शेजारच्या बर्मात याच कारणाने राजकारण उलटलं. तिथलं परागंदा सरकार युद्धकाळात सिमल्याला बसून आखणी करत होतं. परतल्यावर, सप्टेंबर १९४६मध्ये, महागाईने पिचलेल्या रंगूनच्या पोलिसांनी संप केला. तो इतर खात्यांत पसरला आणि महिना संपायच्या आत गव्हर्नर रान्स यांना राष्ट्रवादी नेते आंग सान यांना कार्यकारी मंडळात घ्यावं लागलं. पोलिसाचं पोट हा उभारणीतला पहिला खर्च आहे. गणवेश, वाहनं, बिनतारी संच नंतर.

माहिती कशी आटली, हेही सांगायला हवं. युद्धाआधी चिनी समाजाशी सरकारचा दुवा म्हणजे चायनीज प्रोटेक्टोरेट, १८७७पासूनचं खातं. त्यातले अधिकारी चिनी बोली शिकलेले असत. तंटे, गुप्त मंडळ्या, मजुरांच्या तक्रारी, सगळं त्यांच्या कानावर यायचं. नियोजकांना हे खातं वसाहतवादी आणि जुनाट वाटलं. सगळ्यांना एकच नागरिकत्व द्यायचं तर चिन्यांसाठी वेगळं खातं कशाला, हा युक्तिवाद तत्त्वतः चांगला होता. खातं पुन्हा उघडलं नाही. पण त्याचं काम कुणाकडे सोपवलंही नाही. पोलिसांत चिनी भाषा येणारे मूठभर, आणि देशात जवळपास ३८ टक्के लोक चिनी. १९४६मध्ये गुप्तवार्तेसाठी मलायन सिक्युरिटी सर्व्हिस नावाची स्वतंत्र शाखा काढली. ती पोलीस दलाच्या बाहेर होती, तिला अटकेचे अधिकार नव्हते. जिल्हा पोलीस आणि ही शाखा यांच्यात माहितीची देवाणघेवाण जेमतेमच होती.

सगळी भिस्त वरच्या एका खबऱ्यावर होती. मलायाच्या कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस लाय टेक हा युद्धाआधी ब्रिटिशांच्या विशेष शाखेचा माणूस होता. जपान्यांनी पकडल्यावर तो केंपेताईचा झाला, आणि १ सप्टेंबर १९४२ला बाटू केव्ह्जजवळ जमलेले पक्षाचे पुढारी त्याच्याच खबरीवरून मारले गेले. युद्धानंतर तो पुन्हा ब्रिटिशांच्या संपर्कात आला. मार्च १९४७मध्ये पक्षातच संशय बळावला तेव्हा तो पक्षाचा निधी घेऊन पळाला आणि पुढे बँकॉकमध्ये मारला गेला. त्याच्या जागी चिन पेंग आला, ज्याच्या आसपास पोलिसांचं कुणीच नव्हतं. वर्षानुवर्षं एका माणसावर विसंबल्याने खालच्या थरातले लहान लहान स्रोत जोपासलेच गेले नाहीत. गावातला दुकानदार, मळ्यावरचा मुकादम, शाळामास्तर, यांच्याकडून मिळणारी बारीक खबर शंभर ठिकाणांहून येते म्हणून टिकते. आणि ती येते फक्त चौकीतल्या शिपायाची भीती वाटत नसेल तर.

१६ जून १९४८ला सुंगाई सिपुटजवळ तीन युरोपीय मळेवाले मारले गेले आणि लगेच देशभर आणीबाणी लागू झाली. तेव्हा दलात सुमारे १० हजार माणसं होती. पोलीस आयुक्त लँगवर्दी पायउतार झाले. पॅलेस्टाइनमधला ब्रिटिश कारभार त्याच वर्षी मे महिन्यात संपला होता, म्हणून तिथले पोलीसप्रमुख ग्रे यांना आणलं, आणि त्यांच्यामागून शेकडो सार्जंट. ही माणसं धाडसी होती. मलाय किंवा चिनी त्यांना येत नव्हती आणि त्यांचा अनुभव लढाऊ पोलिसाचा होता. दलात आधीच्या दोन गटांत तिसऱ्याची भर पडली. विशेष शिपाई हजारोंच्या संख्येने भरले, काही आठवड्यांच्या कवायतीवर त्यांना मळ्यांवर आणि खाणींवर पहाऱ्याला उभं केलं. संख्या वाढली आणि गावकऱ्याची भीतीही वाढली, कारण बंदूक हातात असलेला, भाषा न कळणारा, घाबरलेला तरुण जंगलाच्या कडेच्या झोपडीत शिरला की काय होतं ते आपण सगळे जाणतो.

मलायात खरी उभारणी सुरू झाली ती १९५२मध्ये, सिटी ऑफ लंडन पोलिसांचे आयुक्त आर्थर यंग आले तेव्हा. त्यांनी माणसं वाढवली नाहीत. विशेष शिपायांची संख्या कमी करायला घेतली आणि हजारोंना पाळीपाळीने पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं. डिसेंबर १९५२मध्ये ‘ऑपरेशन सर्व्हिस’ सुरू झालं: ठाण्यात आलेल्या माणसाला बसायला सांगायचं, अर्ज लिहून द्यायला मदत करायची, रस्त्यात म्हातारीचं ओझं उचलायचं. बिल्ल्यावर हस्तांदोलनाचं चित्र आलं. काही जुन्या अधिकाऱ्यांना हा पोरखेळ वाटला. माझ्या मते सात वर्षांनी का होईना, पण योग्य जागी हात घातला गेला. हेच १९४५मध्ये करता आलं असतं, कारण यात पैसा लागत नाही, वरिष्ठाचा रोजचा आग्रह लागतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला म्हणून माझं उत्तर असं: आराखड्याचं पहिलं पान शिपायाच्या धान्याचं आणि पगाराचं असावं, दुसरं छाननीच्या पद्धतीचं आणि तिच्या शेवटच्या तारखेचं, तिसरं भाषेचं. ज्या भाषेत लोक तक्रार सांगतात ती बोलणारा माणूस प्रत्येक ठाण्याच्या मेजाशी हवा, हुद्दा कोणताही असो. तोवर नवीन मंजूर पदांचा विचारही करू नये.

चिनी तरुण पोलिसांत का येत नव्हते, असंही विचारलं जातं. त्याची उत्तरं काही गूढ नाहीत. कोरियन युद्धामुळे रबर आणि कथलाचे भाव चढले होते आणि मळ्यावर किंवा खाणीत शिपायापेक्षा जास्त मिळकत होती. भरती झालेल्याच्या घरच्यांना गनिमांकडून जिवाची भीती होती. खात्याचा व्यवहार मलाय आणि इंग्रजीत चालायचा. आणि ज्या गणवेशाने १९४२ ते १९४५ दार ठोठावलं तो पोराने अंगावर चढवावा, हे आईबापांना सहन होत नव्हतं. १९५१च्या सुमाराला सरकारने सक्तीने नावं काढायला सुरुवात केली तेव्हा हजारो चिनी तरुणांनी सिंगापूरचा नाहीतर थेट चीनचा रस्ता धरला.